मोठीसाठी बाळाच्या नाळेतलं रक्त साठवू का?

नाशिकच्या सिडकोतून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात देते.

त्यांची मोठी मुलगी चार वर्षांची आहे, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिनच तयार होत नाही असा जन्मजात आजार. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं. ताईंना आता सातवा महिना आहे. बाळाची गर्भातच तपासणी झाली. ते मेजर नाही, आई-वडिलांसारखं मायनर आहे, म्हणजे एकच सदोष जीन (जनुक) असलेलं, आजार नसलेलं. सोनोग्राफीला गेल्या असताना एका खासगी कॉर्ड ब्लड बँकेचा माणूस भेटला. नाळेतलं रक्त पंचाहत्तर वर्षं साठवण्याचं पॅकेज, साठ हजार रुपये, हप्त्यांची सोय. त्याने एका इंग्रजी लेखाची झेरॉक्सही दिली. अमेरिकेत नवजात बाळांच्या नाळेतल्या पेशींमध्ये चांगला जीन घालून उपचार केले, अशी त्यात माहिती होती. "आज रक्त ठेवा, उद्या जीन थेरपी आली की दोन्ही मुलं सुरक्षित," असं तो म्हणाला. यजमान अंबडला कंपनीत आहेत, पीएफ काढायला तयार आहेत. नणंद म्हणते, पैसे पाण्यात जातील. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हे बाळ मोठीला बरं करायलाच येतंय." आणि पत्राच्या शेवटी ताई लिहितात: "मोठीच्या वेळीही असाच एक जण आला होता. आम्ही नाही म्हटलं. तेव्हा ठेवलं असतं तर आज ती बरी झाली असती. या विचाराने झोप लागत नाही."

ताई,

पत्राच्या शेवटापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्या एका बोचणीवर उभे आहेत. नाही, मोठीच्या नाळेतलं रक्त ठेवलं असतं तरी ती आज बरी झाली नसती.

नाळेतल्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. आपल्या हाडांच्या मगजात असतात त्याच जातीच्या, फक्त नुकत्या जन्मलेल्या आणि जोमाने वाढणाऱ्या. पण मोठीला तुमच्याकडून एक आणि तिच्या बाबांकडून एक असे दोन सदोष जीन आले आहेत. ते तिच्या प्रत्येक पेशीत आहेत, मगजातल्या तशाच नाळेतल्याही. तिचंच रक्त तिला परत दिलं असतं तर त्यातून पुन्हा तसंच अपुरं हिमोग्लोबिन तयार झालं असतं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बाटली लागली असती. तुम्ही तेव्हा नाही म्हटलंत त्यात तिचं काहीही नुकसान झालेलं नाही. हे यजमानांनाही वाचून दाखवा. पीएफ काढायची घाई मागची रुखरुख भरून काढण्यासाठी तर होत नाही ना, हे दोघांनी एकदा शांतपणे बघा.

आता तुम्ही विचाराल, पेशी सदोष असल्या तरी त्यात चांगला जीन घालता येतो, असं त्या झेरॉक्समध्ये लिहिलंय त्याचं काय? ते खरं आहे. १९९३ साली लॉस एंजेलिसच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलचे डॉ. डोनाल्ड कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन नवजात बाळांवर हे केलं. त्या बाळांना एडीए नावाचं एन्झाइम तयार होत नव्हतं. अशा मुलांची प्रतिकारशक्तीच उभी राहत नाही, साधा संसर्गही जिवावर बेततो. आजार जन्माआधीच कळलेला होता. म्हणून जन्मताच नाळेतलं रक्त घेतलं, त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या काढल्या, निकामी केलेल्या एका विषाणूच्या मदतीने त्यांत चांगला जीन पोचवला आणि चौथ्या दिवशी त्या पेशी बाळांना परत दिल्या. नाळेतल्याच पेशी घेण्याला कारण होतं. तेव्हाचे विषाणू फक्त विभागत असलेल्या पेशींतच शिरू शकत, आणि नाळेतल्या पेशी झटपट विभागतात. शिवाय बाळाला सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

त्या मुलांच्या रक्तात तो जीन पुढे वर्षानुवर्षं सापडत राहिला. विज्ञानाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. पण जीन पोचलेल्या पेशी थोड्याच होत्या आणि मुलांना एन्झाइमचं इंजेक्शन चालूच ठेवावं लागलं. एका मुलाचं थांबवून पाहिलं तर प्रतिकारशक्ती खालावली आणि ते पुन्हा सुरू करावं लागलं. पुढे दुसऱ्या एका आजारासाठी पॅरिस आणि लंडनमध्ये याच धर्तीवर, पण मुलांच्या हाडांच्या मगजातल्या पेशी घेऊन उपचार झाले. प्रतिकारशक्ती छान आली, पण घातलेला जीन काही मुलांत चुकीच्या जागी जाऊन बसल्याने त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. तिथून सगळ्या शास्त्रज्ञांनी पावलं जपून टाकली. विषाणू बदलले, तंत्र बदललं.

थॅलेसेमियासाठीची जीन थेरपी आज जगात आहे. एक उपचार अमेरिकेत ऑगस्ट २०२२ मध्ये मंजूर झाला. क्रिस्पर नावाच्या तंत्राने जीनमध्ये बदल करणारा दुसरा २०२४ च्या जानेवारीत तिथेच थॅलेसेमियासाठी मंजूर झाला, तो १२ वर्षांपुढच्यांसाठी. पण या दोन्ही उपचारांत नाळेतलं साठवलेलं रक्त लागत नाही, आणि त्या माणसाने हेच तुम्हाला सांगितलं नाही. रुग्णाला काही दिवस इंजेक्शनं देऊन मगजातल्या मूळ पेशी रक्तात उतरवतात, यंत्राने गोळा करतात, प्रयोगशाळेत त्यांत बदल करतात आणि परत देतात. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तीव्र हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) ५ मोठ्या माणसांवर याच पद्धतीने जीन थेरपी झाली आणि त्यांचे रक्तस्राव थांबले. डिसेंबर २०२४ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांच्यापैकी कुणाचीही नाळ कुठे ठेवलेली नव्हती. उद्या मोठीला जीन थेरपी मिळायची झाली तर तिच्या त्या वेळच्या शरीरातूनच पेशी घेतील. जीन थेरपीसाठी म्हणून नाळ साठवण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

मग नणंदेचं बरोबर आहे का? अर्धं. बाळाच्या नाळेतलं रक्त जीन थेरपीसाठी नको असलं तरी मोठीच्या खरंच कामी येऊ शकतं, ते जसं आहे तसंच, कुठलाही जीन न घालता. १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा मगज निकामी करणारा आनुवंशिक आजार असलेल्या एका लहान मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं. जगातलं ते पहिलं नाळरक्ताचं प्रत्यारोपण होतं. थॅलेसेमियातही सख्ख्या भावंडाच्या जुळणाऱ्या पेशींनी मुलं बरी होतात, मग त्या मगजातल्या असोत की नाळेतल्या.

सगळा भर 'जुळणाऱ्या' या शब्दावर आहे. जुळणं म्हणजे रक्तगट नव्हे, एचएलए, म्हणजे शरीर आपलं-परकं ज्यावरून ओळखतं त्या पेशींवरच्या खुणा. सख्ख्या भावंडांत ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. बाळ मायनर आहे यावरून ते जुळेल की नाही हे कळत नाही, कारण थॅलेसेमियाचा जीन ११व्या गुणसूत्रावर आणि एचएलएचे ६व्यावर असतात. आणि कुणी म्हणालं की मायनर बाळाच्या पेशी चालत नाहीत, तर तेही खरं नाही. चालतात. मोठी मग मायनरसारखी होते, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखं आयुष्य जगते.

यात एक अडचण प्रमाणाची आहे. नाळेतून साधारण शंभरेक मिलिलिटर रक्त निघतं, कधी त्याहूनही कमी. गुंठाभर पुरेल एवढं बियाणं एकरभर रानाला पुरत नाही, तसंच हे. बारा-चौदा किलोच्या मुलीला एक पिशवी पुरू शकते, पण पिशवीत पेशी किती निघाल्या ते मोजल्याशिवाय कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. कमी पडल्या तर डॉक्टर थांबतात. बाळ वर्ष-दीड वर्षाचं झालं, वजन भरलं की त्याच्याच मगजातल्या थोड्या पेशी जोडीला घेतात. म्हणजे बाळ जुळणारं निघालं आणि काही कारणाने नाळेतलं रक्त घेता आलं नाही, तरी संधी हुकली असं होत नाही. हे बाळंतपणाच्या गडबडीत विसरू नका. रात्री-बेरात्री कळा आल्या, रक्त घ्यायचं किट घरीच राहिलं, तरी रडायचं कारण नाही.

रक्त कसं घेतात ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. बाळ बाहेर येतं, नाळ चिमट्याने बंद करून कापतात, बाळ तुमच्या छातीशी जातं. वार अजून आत असते. नाळेच्या उरलेल्या टोकाला डॉक्टर स्पिरिट लावतात आणि तिच्यातल्या जाड शिरेत सुई घालतात. सुईची नळी एका पिशवीला जोडलेली असते, पिशवीत रक्त गोठू न देणारं औषध असतं. पिशवी खाटेच्या खाली धरली की रक्त आपोआप उतरतं. काही मिनिटांचं काम, तुम्हाला किंवा बाळाला दुखत नाही. पण नाळ कधी कापायची यावर मात्र बोलून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की निदान एक मिनिट तरी थांबावं, कारण तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाला मिळतं आणि पुढे लोहाची कमतरता टळते. जास्त रक्त मिळावं म्हणून बाळाचा वाटा कापून घेऊ नये. ते रक्त आधी बाळाचं आहे.

आता खासगी बँकेचं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: स्वतःच्याच मुलाला पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून नाळेचं रक्त साठवण्याला वैज्ञानिक आधार नाही. मात्र घरात आधीच असं मूल असेल ज्याला भावंडाच्या पेशींनी बरं करता येतं, तर त्या मुलासाठी ते घेऊन ठेवणं योग्य. तुमचं घर या दुसऱ्या प्रकारात बसतं. ज्यांच्या घरी असा आजार नाही आणि जे फक्त भीतीपोटी हप्ते भरायला निघाले आहेत, त्या वाचकांनी तो पैसा बाळाच्या लसींसाठी, आरोग्य विम्यासाठी ठेवावा असं माझं ठाम मत आहे.

म्हणून तुमच्यासाठी क्रम उलटा करा. आधी बँक नको, आधी प्रत्यारोपणाचे डॉक्टर. मुंबईत बोरिवलीला महापालिकेचं थॅलेसेमिया आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं केंद्र आहे. मोठीची फाइल घेऊन यजमानांना तिथे एकदा पाठवा, सातव्या-आठव्या महिन्यात कसारा घाटातून तुम्ही जायची गरज नाही. त्यांना विचारा: आमच्या मुलीसाठी या बाळाचं रक्त घ्यावं का, घेतलं तर कुठे ठेवावं, आणि तुम्ही कुठल्या बँकेची पिशवी वापरायला घेता? त्याच वेळी मोठीची आणि तुम्हा दोघांची एचएलए तपासणी करून घ्या. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, सुई लागत नाही. डीकेएमएस फाउंडेशन इंडिया ही संस्था थॅलेसेमियाच्या मुलांच्या कुटुंबांसाठी ही तपासणी मोफत करत आली आहे. तुमच्या रक्त चढवण्याच्या केंद्रात चौकशी केलीत तर शिबिराची माहिती मिळेल. बाळाची तपासणी जन्मानंतर, नाळेच्या रक्तातून किंवा त्याच काडीने.

डॉक्टर म्हणाले की घ्या, तर कदाचित त्याच माणसाच्या बँकेशी व्यवहार करावा लागेल. हरकत नाही, पण मग कारण वेगळं असेल आणि करारही वेगळा हवा. पंचाहत्तर वर्षांचं पॅकेज घेऊ नका, तुम्हाला फार तर दोन-चार वर्षं लागणार आहेत. एक-एक वर्षाचे पैसे भरता येतील का ते विचारा. एचएलए जुळलं नाही, पेशी कमी निघाल्या किंवा पिशवीत जंतू आढळले तर किती पैसे परत मिळतील, हे करारात लिहून घ्या, तोंडी नको. औषध प्रशासनाचा परवाना चालू आहे का बघा. पिशवीत एकूण किती पेशी आहेत त्याचा लेखी अहवाल मिळेल का विचारा. त्यांच्याकडच्या पिशव्या आजवर कुठल्या रुग्णालयात प्रत्यारोपणासाठी वापरल्या गेल्या, हेही विचारा. "आजच सही केली तर सवलत" असं म्हणाला तर सही त्या दिवशी करायचीच नाही, एवढं ठरवून टाका.

तुमच्या यजमानांच्या मनात आणखी एक विचार असणार, कारण अनेक वडील मला तो बोलून दाखवतात: प्रत्यारोपणात धोका आहे, त्यापेक्षा जीन थेरपी येईपर्यंत थांबू. तो विचार चुकीचा नाही, पण त्यातही एक समज पारखून घ्यायला हवा. जीन थेरपी म्हणजे एक इंजेक्शन आणि घरी, असं नसतं. बदललेल्या पेशींना मगजात जागा मिळावी म्हणून आधी केमोथेरपीचं जबर औषध द्यावंच लागतं, नेहमीच्या प्रत्यारोपणासारखंच. केस जातात, तोंड येतं, कित्येक दिवस एका खोलीत काढावे लागतात, पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. तिचा मोठा फायदा हा की पेशी स्वतःच्याच असल्याने त्या शरीरावर उलटत नाहीत. दुसऱ्याच्या पेशींत ती भीती असते. पण २०२२ मध्ये मंजूर झालेल्या त्या उपचाराची अमेरिकेतली किंमत २८ लाख डॉलर ठेवली होती, म्हणजे तेव्हाच्या दराने २२ कोटी रुपयांच्या वर. युरोपात तर किमतीवर एकमत न झाल्याने कंपनीनेच माघार घेतली.

याउलट जुळणाऱ्या भावंडाच्या पेशी, लहान वय आणि चांगलं यकृत असेल तर चांगल्या केंद्रांत दहांतली आठ-नऊ मुलं थॅलेसेमियातून मोकळी होतात. उरलेल्यांचं काय होतं हेही डॉक्टरांना तोंडावर विचारा, कारण काही मुलं यात दगावतात आणि ते आधी कळायला हवं. बाळ जुळलं तर मी थांबा म्हणणार नाही. नाही जुळलं तर थांबणं, नियमित रक्त देणं, त्या रक्तातून अंगात साठणारं लोह औषधाने उतरवणं हाच उत्तम उपचार आहे. त्या मार्गावरही मुलं शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. कुठल्याही वाटेने गेलात तरी यकृत चांगलं राहणं महत्त्वाचं, म्हणून बाळंतपणाच्या नादात मोठीची लोह उतरवायची गोळी चुकू देऊ नका. दवाखाना, पाहुणे, बारसं यात तीच पहिली विसरली जाते. फेरिटिनची, म्हणजे अंगात लोह किती साठलंय त्याची तपासणी यजमानांच्या नावावर लावून द्या.

सासूबाईंबद्दल लिहिताना तुमचा हात अडखळलेला दिसतो. त्यांच्या बोलण्यात माया आहे, नातीसाठी जीव तुटतो आहे. पण चारांत एकच शक्यता आहे. बाळ जुळलं नाही तर त्याला घरात काय म्हणायचं? आणि जुळलं, तरी "तू ताईच्या औषधासाठी झालास" किंवा "झालीस" हे ऐकत कुणाही लेकराने का वाढावं? मोठीही ऐकते आहे, चार वर्षांची मुलं सगळं ऐकतात. प्रत्यारोपण अपयशी ठरलं तर दोघांच्याही मनावर त्याचं ओझं राहील. सासूबाईंना वाद घालून सांगू नका. "आई, बाळ आपल्या घरी येतंय, मोठीला भावंड मिळतंय, बाकीचं डॉक्टर बघतील," एवढं त्यांच्याच समोर पाहुण्यांना तुम्हीच म्हणायला लागा. पंधरा दिवसांत त्याही तेच म्हणतील. मुलाने, म्हणजे तुमच्या यजमानांनी म्हटलं तर आठवड्यातच.

लग्न ठरलेल्या आणि नुकतीच दिवस राहिलेल्या वाचकांसाठी थोडं. आपण मायनर आहोत हे बाहेरून कळत नाही, त्रास काहीच होत नाही. हिमोग्लोबिनची एचपीएलसी नावाची एक रक्ततपासणी आहे, आयुष्यात एकदाच करायची. दोघंही मायनर निघाले तर दर गरोदरपणात बाळ मेजर असण्याची शक्यता चारांत एक. अकराव्या-बाराव्या आठवड्यातच गर्भाची तपासणी होऊ शकते, आणि गर्भलिंग निदानविरोधी कायद्यात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी ती परवानगी दिलेली आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या ज्या कुटुंबांत सिकलसेल आहे, त्यांनाही हे सगळं जसंच्या तसं लागू आहे.

राहता राहिला पैसा. बाळ जुळलं तर पीएफ प्रत्यारोपणाच्या काळात खरा लागेल, मुंबईतली खोली, महिनोनमहिने जाणं-येणं, यजमानांची बिनपगारी रजा. म्हणून तो आत्ता मोडू नका. कोल इंडियाच्या मदतीने केंद्र सरकारची थॅलेसेमिया बाल सेवा योजना २०१७ पासून चालू आहे. जुळणारं भावंड असलेल्या मुलांच्या प्रत्यारोपणासाठी त्यात ठरवलेल्या रुग्णालयांना १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. वयाची आणि उत्पन्नाची अट आहे, ती प्रत्यारोपणाच्या केंद्रातच विचारून घ्या. उत्पन्नाचा दाखला मात्र आत्ताच सेतू केंद्रातून काढायला टाका, मोठीचा जन्मदाखला आणि आधार त्याच फाइलला लावा. बाळंतपणानंतर एक कडेवर आणि एक हाताला धरून त्या रांगेत उभं राहणं तुम्हाला जमणार नाही.